दीर्घ खंडानंतर निवडुंगाच्या छंदाकडे परतताना : तंजावूरच्या ऋतुमानातील संगोपन

तरुणपणी निवडुंगांचा संग्रह जोपासून पुढे नोकरी, बदल्या व संसाराच्या व्यापात तो सोडून दिलेली अनेक मंडळी निवृत्तीनंतर पुन्हा या छंदाकडे वळतात. त्यांच्यापाशी अनुभव असतो, हात सरावलेला असतो. आणि नेमका तोच अनुभव पहिल्या वर्षी रोपांच्या मुळावर येतो. एकोजीराजांच्या काळापासून तंजावूर परिसरात वसलेल्या मराठी घरांतील छंदिष्टांना, तसेच महाराष्ट्रात आयुष्य घालवून तेथे परतलेल्यांना ही गोष्ट विशेष लागू पडते. मराठीतील मार्गदर्शन बहुधा दख्खनच्या पठारावरील ऋतुचक्र गृहीत धरून लिहिलेले असते, आणि तंजावूरचे ऋतुचक्र निराळे आहे. अशा व्यक्तींना सल्ला देणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांनी प्रथम हा फरक नीट समजून घ्यावा.

पुणे-नाशिककडे जून ते सप्टेंबर हा पावसाळा असतो. त्या चार महिन्यांत कुंड्या छपराखाली ठेवल्या की पुढील हिवाळा कोरडा व थंड मिळतो आणि निवडुंगास आवश्यक असलेली विश्रांती आपोआप घडते. तंजावूरला मात्र वर्षभरातील पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. महाराष्ट्रातील शेतकरी जूनमध्ये मृगाच्या सरींकडे डोळे लावून असतो, तेव्हा कावेरी खोऱ्यातील शेतकरी १२ जूनला मेट्टूर धरणातून सुटणाऱ्या पाण्याची वाट पाहत असतो. म्हणजे तेथे जून-जुलै हे निवडुंगाच्या वाढीचे महिने होत, आणि पुस्तकात ज्यांस ‘कोरडा हिवाळा’ म्हटले आहे ते महिने ढगाळ, दमट व उबदार असतात. पाऱ्याची घसरण नाममात्र, उजेड कमी आणि माती ओली, अशा स्थितीत बुरशीजन्य कूज जितक्या वेगाने पसरते तितकी ती कडाक्याच्या थंडीतही पसरत नाही.

निवडुंग दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतो व रात्री ती उघडून कर्बवायू घेतो. रात्र जितकी शीतल, तितके हे काम चांगले चालते. मे महिन्यात त्रिभुज प्रदेशातील रात्री उष्ण असतात, त्यामुळे भर उन्हाळ्यात अनेक जाती वाढ थांबवून स्वस्थ बसतात. अशा वेळी ‘उन्हाळा आहे, तहान लागली असेल’ असे समजून पाणी वाढविणे चुकीचे ठरते. जातींची निवडही याच निकषावर करावी. अँडीज पर्वतातील रेब्युशिया, लोबिव्हिया यांसारख्या थंड रात्रींच्या जाती तंजावूरला रडतखडत जगतात. याउलट मेलोकॅक्टस, सेरियस, पिलोसोसेरियस, जिम्नोकॅलिशियम आणि मॅमिलेरियाच्या बऱ्याच जाती तेथे सुखाने वाढतात. मेलोकॅक्टस तर ब्राझील व कॅरिबियन बेटांच्या उष्ण, सखल भागांतला. त्याला थंडीच सोसत नाही. आपल्या घरोघरी ‘ब्रह्मकमळ’ म्हणून मिरविणारे, रात्री फुलणारे झाड हेही हिमालयातील ब्रह्मकमळ नसून एपिफायलम या जातीचे, अर्थात निवडुंगच आहे. मूळचे ते पावसाळी अरण्यातले असल्याने त्यास अर्धी सावली व थोडा अधिक ओलावा मानवतो. परतणाऱ्या छंदिष्टाने ज्या झाडापासून निर्धास्तपणे सुरुवात करावी, असे हे झाड.

जुन्या कुंड्यांची तपासणी

घरच्या गच्चीवर वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेली दोन-चार झाडे बहुधा तग धरून असतात. त्यांना लगेच पाणी व खत देऊ नये. बुंध्याशी तपकिरी, कोरडा, सालीसारखा टणक भाग दिसल्यास तो वार्धक्याचा असतो, रोग नव्हे. बोटाने दाबून मऊ लागणारा, पाणथळ व काळपट भाग मात्र कुजीचा समजावा. शेंडा निमुळता व फिकट झाला असेल तर झाडाला उजेड कमी पडला आहे, हे उघड आहे.

कोरड्या हवेचे दिवस पाहून, तंजावूरला म्हणजे जानेवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, झाड कुंडीतून काढावे. जुनी माती झाडून टाकावी आणि मुळे बारकाईने पाहावीत. मुळांवर वा कुंडीच्या आतील भिंतीवर पांढरी, कापसासारखी भुकटी आढळली तर तो मुळांवरील पिठ्या ढेकूण होय. वर काहीच न दिसता झाड वर्षानुवर्षे खुरटते, त्यामागे हेच कारण वारंवार सापडते. मुळे धुवावीत, मेलेली कापावीत, कापांवर गंधकाची भुकटी लावावी आणि झाड सावलीत आठ-दहा दिवस तसेच उघडे ठेवावे. कोरड्या मिश्रणात लावल्यावर आणखी एक आठवडा पाणी देऊ नये. नवख्यास ही उपासमार निर्दयपणाची वाटते. वस्तुतः काप भरून येण्यापूर्वी मिळालेले पाणीच घातक असते.

मातीचे मिश्रण

त्रिभुज प्रदेशातील भातखाचरांची चिकण माती निवडुंगाच्या कुंडीत अजिबात नको. ‘पोयटा, शेणखत व वाळू समभाग’ ही जुनी कृतीही तेथे पुरेशी निचरा देणारी ठरत नाही. नदीची बारीक वाळू निचरा वाढवीत नाही, उलट मातीच्या फटी बुजविते. दगडाच्या चुऱ्यापासून केलेल्या वाळूतही बारीक भुकटी बरीच असते. म्हणून दोन ते सहा मिलिमीटर आकाराचे भरड खडे, विटांचे तुकडे, प्युमिस किंवा परलाइट चाळून व धुऊन घ्यावेत. त्यांचे प्रमाण एकंदर मिश्रणात साठ ते सत्तर टक्के ठेवावे. उरलेल्या भागात चांगले कुजलेले, चाळलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत व थोडी माती घालावी. कोकोपीट त्या भागात सहज व स्वस्त मिळते. तथापि ते ओले झाल्यास फार काळ ओले राहते, म्हणून त्याचा वापर जपूनच करावा.

कूपनलिकेचे पाणी किनाऱ्याकडील गावांत क्षारयुक्त असते. त्यामुळे कुंडीच्या कडेस पांढरा थर जमतो आणि मिश्रण हळूहळू अल्कधर्मी बनते. यावरील उपाय ईशान्य मोसमी पावसातच आहे. जो पाऊस कुंडीवर पडू द्यायचा नाही, तोच पिंपांत साठवून फेब्रुवारीपासून वापरावा. त्याहून चांगले पाणी मिळणे कठीण.

पाणी व छप्पर

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मिश्रण पूर्ण वाळल्यावरच भरपूर पाणी द्यावे. मे महिन्यात ते कमी करून संध्याकाळी द्यावे. जून ते ऑगस्ट पुन्हा नियमित द्यावे. वळवाच्या सरी आल्या तर एक पाळी गाळावी. सप्टेंबरमध्ये खत बंद करावे व पाण्याच्या पाळ्या लांबवाव्यात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापूर्वी सर्व कुंड्या पारदर्शक छपराखाली गेल्या पाहिजेत. छप्पर वरून बंद व चारही बाजूंनी मोकळे असावे, कारण कोंडलेली दमट हवा पावसाइतकीच वाईट. डिसेंबरअखेरपर्यंत मोठ्या झाडांना जवळजवळ पाणी नको. लहान रोपांना उघडिपीच्या दिवशी सकाळी जेमतेम शिंपण पुरे.

छपराची बांधणी पक्की हवी. नोव्हेंबर २०१८ मधील गजा चक्रीवादळाने या पट्ट्यातील नारळबागा आडव्या केल्या होत्या. गच्चीवरील सैल पत्रा अशा वाऱ्यात केवळ निवडुंगांनाच नव्हे, माणसांनाही धोक्याचा. सावलीतून एकदम उन्हात आणलेल्या झाडांची साल जानेवारी-फेब्रुवारीतही भाजते, म्हणून तीन-चार आठवडे शेडनेटखाली ठेवून मग ऊन वाढवावे. कालिंपाँगसारख्या थंड ठिकाणच्या रोपवाटिकेतून मागविलेल्या रोपांबाबत तर हे पथ्य पाळलेच पाहिजे.

फड्या निवडुंग आणि किरमिजी किडा

परसातील फड्या निवडुंगावर पांढरा कापूस दिसला की छंदिष्ट घाबरून सर्व कुंड्यांवर फवारणी करतो. त्यापूर्वी तो कापूस काडीने चिरडून पाहावा. गडद लाल रस निघाल्यास तो किरमिजी किडा होय. आपल्याकडचा हा किडा फड्या निवडुंगावर उपजीविका करतो. कुंडीतील मॅमिलेरियास त्याचे भय नाही. लाल रस न निघाल्यास साधा पिठ्या ढेकूण समजावा. तो थोड्या प्रमाणात असेल तर सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडविलेल्या ब्रशाने टिपावा, आणि झाड आठवडाभर वेगळे ठेवून पुन्हा पाहावे.

या किड्याचा इतिहास विस्तार कार्यकर्त्यांनी अवश्य जाणून घ्यावा. किरमिजी रंगाच्या आशेने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेस निवडुंगाची लागवड झाली आणि १७९५ मध्ये ब्राझीलहून किडा कलकत्त्यास आणला गेला. तो अपेक्षित जातीचा नव्हता. रंग हलका निघाला. मात्र त्याने मोकाट पसरलेला एक फड्या निवडुंग खाऊन टाकला. हे पाहून १८३६ ते १८३८ दरम्यान तो मुद्दाम दक्षिण भारतात सोडण्यात आला. तंजावूरच्या गादीवर तेव्हा दुसरे शिवाजीराजे होते. कीटकाकरवी तणाचे हेतुपुरस्सर नियंत्रण करण्याचे हे जगातील पहिले उदाहरण मानतात. पिवळ्या फुलांची दुसरी जात मात्र त्यास दाद देईना. ती पडीक रानांत पसरत गेली, आणि १९२६ मध्ये सिलोनहून किरमिजी किड्याची दुसरी जात आणल्यावर सुमारे ४०,००० हेक्टर क्षेत्र मोकळे झाले. तात्पर्य, छाटलेली फडी बांधावर, ओढ्यात वा उकिरड्यावर फेकू नये. प्रत्येक फडीला मुळे फुटतात. ती उन्हात पूर्ण वाळवून जाळावी किंवा खोल पुरावी.

कलम, नावे व खरेदी

रंगीत गोळ्यांची कलमे आता ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावर मिळतात. हा खुंट उष्ण-दमट हवेला मानवतो, त्यामुळे ड्रॅगन फ्रूट घेणाऱ्या शेतकऱ्यांना छाटणीतील कांड्यांचा चांगला उपयोग होऊ शकतो. कलम फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात बांधावे. खुंट व वरचा गोळा धारदार, निर्जंतुक सुरीने आडवे कापावेत, दोन्हींतील वाहिन्यांची वलये एकमेकांना निदान एका बाजूस स्पर्शतील अशी जुळवावीत आणि रबरबँडने आठ-दहा दिवस बांधून ठेवावीत. अशी कलमे सहसा काही वर्षेच टिकतात, हे ग्राहकास स्पष्ट सांगावे.

जुन्या वहीतील नावे आता जुळणार नाहीत. नोटोकॅक्टस पॅरोडियात गेला. ड्रॅगन फ्रूटचा हायलोसेरियस २०१७ पासून सेलेनिसेरियसमध्ये समाविष्ट केला जातो. म्हणून खुणेच्या पट्टीवर दोन्ही नावे लिहावीत.

कायदाही बदलला आहे. थोडे अपवाद वगळता संपूर्ण निवडुंग कुल साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून एरिओकार्पस, डिस्कोकॅक्टस आदी पहिल्या परिशिष्टात आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कराराच्या तरतुदी वन्यजीव संरक्षण कायद्यातही आल्या आहेत. परदेशातील नातेवाइकांनी सामानातून आणलेले रोप वा बी वनस्पती संगरोध नियमांतून सुटत नाही. रोपे येथील रोपवाटिकेत बियांपासून वाढविलेलीच घ्यावीत आणि पावती जपून ठेवावी. अवेळी सुरकुतलेले, वाकडेतिकडे, जाड मूळ तोडलेले जुने झाड स्वस्तात मिळत असेल, तर ते कोठल्या तरी माळरानावरून उपटलेले असण्याचा संभव असतो. ते घेऊ नये.