नाव आपले, अंगठा दुसऱ्याचा : ओळखचोरीचा संशय येताच काय करावे?

नाव ही माणसाची पहिली मालमत्ता होय. ज्याच्याकडे सात-बाराचा तुकडाही नाही, त्याच्याकडेही नाव असते. त्या नावावर रेशन मिळते, शिष्यवृत्ती मिळते, कर्ज मिळते, सिमकार्डही मिळते. म्हणूनच दुसऱ्याचे नाव आणि कागद वापरून लुबाडणे हा आजच्या काळातील एक मोठा धंदा होऊन बसला आहे. पैसे गेल्यावर काय करावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु पैसे अजून गेलेले नाहीत, नुसती शंका आली आहे, अशा वेळी बहुतेक माणसे गप्प बसतात आणि तेथेच घात होतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्या शंकेच्या दिवसाचाच विचार करणार आहोत.

आपल्या समाजाने कागदाचे मोल फार कष्टाने ओळखले आहे. १९५६ साली पूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. परंतु धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळण्यासाठी १९९० सालची कायदादुरुस्ती यावी लागली. तोवर दाखले, शपथपत्रे आणि नोंदी यांसाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी कचेऱ्यांचे किती उंबरे झिजवले, हे घरोघरी ठाऊक आहे. त्यातून एक सवय लागली. कोणी कागद मागितला की आपण सगळा संचच पुढे करतो. ज्या कागदाने हक्क मिळवून दिला, तोच आता परक्याच्या हाती पडून आपल्यावर उलटू शकतो, हे मात्र आपण अजून ध्यानात घेतलेले नाही.

अंजूर आणि आसपासच्या गावांत तर याची विशेष गरज आहे. आपल्या भिवंडी परिसरात गोदामे उभी राहिली, तरुणांना कामे मिळाली. कामावर लागताना आधार, पॅन, पासबुकाचे पहिले पान आणि दोन फोटो ठेकेदाराकडे दिले जातात. ठेकेदार बदलला की पुन्हा नवा संच जातो. जुन्या झेरॉक्सचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. जमिनीच्या खरेदीखतांवर अंगठे उमटले आहेत, ते वेगळेच.

ही भीती काल्पनिक नव्हे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी ‘माझी लाडकी बहीण’ योजना सुरू केली. त्यावेळी नवी मुंबईतील खारघरच्या एका भगिनीचा अर्ज काही केल्या भरला जाईना. तिच्या आधार क्रमांकावर आधीच दुसऱ्याने अर्ज केला होता. चौकशी झाली, तेव्हा सातारा जिल्ह्यातील एका दाम्पत्याने इतरांच्या आधार क्रमांकांवर सुमारे तीस अर्ज भरल्याचा आरोप पुढे आला आणि अटक झाली. ‘अर्ज जात नाही, राहू दे’ असे म्हणून ती भगिनी घरी बसली असती, तर हे प्रकरण कदाचित उजेडात आलेच नसते. तसेच २०१८ साली तेलंगणात एकाने जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे उचलून त्यांचे कृत्रिम साचे बनविले आणि त्यांवर सिमकार्डे चालू केल्याचे उघड झाले. आपला अंगठा आपल्या हातालाच आहे, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, हा त्याचा धडा.

संशय कशावरून घ्यावा?

आपण काहीही केलेले नसताना ओटीपी येणे. न मागितलेल्या कर्जाचा एसएमएस येणे. मोबाइलची रेंज अचानक जाऊन ती तासन्‌तास न येणे. खात्यातून दहा-पाच रुपयांची अनोळखी उचल होणे. शासकीय अर्ज ‘आधीच भरला आहे’ असे दिसणे. ‘केवायसी बंद होईल’ म्हणून कोणी फोनवर जन्मतारीख विचारणे. यांपैकी एक जरी घडले, तरी खालील गोष्टी त्याच दिवशी कराव्यात.

१) एसएमएस पुसू नये. तारीख, वेळ व नंबर वहीत लिहून ठेवावा. एसएमएसमध्ये दिलेल्या नंबरवर उलट फोन करू नये. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरच करावा.

२) बँकेला कळवून कार्ड, यूपीआय व नेट बँकिंग थांबवावे. तक्रार क्रमांक मागून घ्यावा. नंतर शाखेत दोन प्रतींत अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा.

३) आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर बोटांचे ठसे, म्हणजेच ‘बायोमेट्रिक’, लॉक करावेत. आधार कोठे कोठे वापरले गेले, याची यादीही तेथे पाहता येते. चौकशीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. मात्र रेशन दुकानात अंगठा लावण्यापूर्वी लॉक तात्पुरते उघडावे लागते, हे घरातील म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगावे.

४) आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या सेवेवर दिसते. ही सेवा मे २०२३ मध्ये सुरू झाली. अनोळखी नंबर दिसला, तर तो आपला नसल्याचे तेथेच कळवावे. पैसे न गेलेल्या पण संशयास्पद फोनची व एसएमएसची माहिती देण्यासाठी त्यातच ‘चक्षू’ नावाची सोय मार्च २०२४ पासून झाली आहे.

५) सिबिलसारख्या पत-माहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. तो मागवून आपल्या नावावर परके कर्ज चढले आहे काय, ते पाहावे. चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. तिचे निवारण ३० दिवसांत न झाल्यास दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू झाली.

६) पैसे गेले असल्यास एक क्षणही न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क प्रमाणे गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. ‘ही आमची हद्द नाही’ असे कोणी म्हटल्यास सांगावे, की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अशा गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते.

लेखी का द्यावे?

बँकेच्या काउंटरवर आम्ही एक प्रश्न नेहमी ऐकतो : ‘साहेब, पैसे तर गेले नाहीत, मग अर्ज कशाला?’ याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. चूक ग्राहकाची नाही व बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविल्यास ग्राहकावर भार नाही, असे त्यात ठरविले. शिवाय ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असला, तरी कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे, असेही त्यात आहे. म्हणजे सगळा हिशेब ‘कळविले केव्हा’ या एका तारखेवर येऊन ठरतो. तोंडी सांगितल्याला तारीख नसते, शिक्क्याला असते. उद्या आपल्या नावावरील कर्जाची नोटीस आली, तरी हाच शिक्का आपल्या बाजूने बोलेल.

पुष्कळांना लाज वाटते. लोक हसतील, मुले रागावतील म्हणून आई-वडील बोलत नाहीत. चोराला नेमके हेच हवे असते. लाज चोरी करणाऱ्याला वाटावी, ज्याचे नाव चोरले त्याला नव्हे.

आणखी एक कटू गोष्ट सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते. दोन-पाच हजारांच्या कमिशनसाठी आपले खाते, एटीएम कार्ड किंवा सिम दुसऱ्याला वापरावयास देणारे तरुण दिसतात. त्या खात्यात येणारा पैसा बहुधा कोणा गरिबाच्या घरातून चोरलेला असतो आणि पोलीस प्रथम खातेदाराच्याच दारी येतात. पंचशीलातील दुसरे शील चोरीपासून, तर चौथे खोटे बोलण्यापासून विरत राहण्याचे आहे. दुसऱ्याच्या नावाने पैसा उचलण्यात ही दोन्ही शीले एकदम मोडतात आणि त्या कामाला खाते भाड्याने देणाराही त्यातून सुटत नाही.

भगवान बुद्धांनी अखेरच्या क्षणी भिक्खूंना अप्रमादाचा, म्हणजे सतत जागे राहण्याचा उपदेश केला. आजच्या व्यवहारात त्याचा साधा अर्थ असा : आधारची प्रत देताना शेवटचे चार अंकच दिसणारी, म्हणजे ‘मास्क्ड’ प्रत चालत असेल, तर तीच द्यावी. झेरॉक्सवर कोणासाठी, कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेला दिली ते लिहून आडवी सही करावी, आणि काम सुटले की प्रत परत मागावी.

शेवटी एक सूचना. रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास राखून ठेवावा. शिकलेल्या मुला-मुलींनी वडीलधाऱ्यांचे सिम, आधारचे लॉक आणि पत-अहवाल त्यांच्या समक्ष तपासून द्यावेत. मात्र त्यांचा ओटीपी वा पिन स्वतःजवळ लिहून ठेवू नये. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश केवळ परीक्षेपुरता नव्हता. आपल्या नावाचे रक्षण करता येणे हेही शिक्षणच होय.

जय भीम! नमो बुद्धाय!