सोलर बसवताय? पाणी भरण्याच्या दिवशीच तुमचा नफा ठरतो



मागच्या व्हिडिओत आपण सोलर वॉटर हीटर बसवण्याच्या धंद्याचं भांडवल आणि हत्यारं बघितली. आज त्यातलाच एक छोटा भाग घेऊ, पण पैसा नेमका इथेच गळतो. तो म्हणजे सिस्टीममध्ये पहिल्यांदा पाणी भरणं.

आमच्या बॅचमधल्या एका मुलाने पहिलंच काम घेतलं, २०० लिटरचं, काचेच्या नळ्यांचं. सकाळी स्टँड उभा केला, नळ्या बसवल्या, जेवण करून दुपारी एक वाजता कॉक सोडला. पाच नळ्या फुटल्या. माल चांगला होता, हातही चांगला होता, वेळ तेवढी चुकली. रिकाम्या नळ्या उन्हात २०० अंशांच्या वर तापू शकतात. त्यात थंड पाणी गेलं की काच तडकते. त्या नळ्या त्याला स्वतःच्या खिशातून आणाव्या लागल्या.

आधी हिशोब समजून घ्या

समजा, एका कामात सगळा खर्च जाऊन तुमच्या हातात २,००० रुपये उरतात. आणि तक्रारीसाठी मारलेल्या एका फुकट फेरीला पेट्रोल, मदतनीस आणि अर्धा दिवस मिळून ५०० रुपये जातात. म्हणजे चार फेऱ्या झाल्या की ते काम तुम्ही फुकट केलं! आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, गणित तेच राहील. म्हणून भरायच्या दिवशी दोन तास जास्त गेले तरी चालतील, पण परत जावं लागता कामा नये.

कोटेशन देण्याआधी एक प्रश्न

"दादा, घरात प्रेशर पंप आहे का? पुढे बसवणार आहात का?"

हा प्रश्न विचारल्याशिवाय भाव सांगायचा नाही. कारण सांगतो. पाणी २० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की साधारण पावणेतीन टक्के फुगतं. २०० लिटरच्या टाकीत हे पाच लिटरहून जास्त पाणी झालं. त्याला जायला जागा लागते.

साध्या टाकीत हे पाणी उघड्या व्हेंट पाइपात चढतं, किंवा थंड पाण्याच्या लाइनीतून मागे सरतं. गच्चीवरची टाकी सोलरच्या दोन मीटर वर असेल तर दाब फक्त ०.२ बारच्या आसपास येतो. साधी टाकी तेवढ्यासाठीच बनवलेली असते. ग्राहकाने नंतर शॉवरसाठी प्रेशर पंप लावला आणि तो याच टाकीला जोडला, तर दाब कितीतरी पट होतो. टाकी फुगते, सांधे गळतात आणि फोन तुम्हाला येतो.

पंप असेल तर प्रेशरवाली टाकीच द्यायची. तिथे उघडा व्हेंट नसतो, सिस्टीम बंद असते. म्हणून रिलीफ व्हॉल्व हवाच, आणि कंपनीने सांगितली असेल तर प्रसरण टाकीसुद्धा. थंडीच्या देशांत घरं तापवायला बंद सिस्टीम असते, तिथेही याच कारणासाठी ही छोटी टाकी लावतात. रिलीफ व्हॉल्वमधून थेंब पडतात म्हणून काही जण तिथे प्लग मारतात. असं कधीही करू नका. टाकी फुटून माणूस जखमी होऊ शकतो. व्हॉल्वच्या तोंडाला पाइप जोडून तो सुरक्षित जागी खाली सोडा.

साधी सिस्टीम भरायची पद्धत

१. वेळ भल्या पहाटेची ठेवा. उशीर झालाच तर नळ्या आदल्या संध्याकाळपासून जाड कापडाने किंवा पुठ्ठ्याने झाकलेल्या हव्यात. उन्हात तापलेल्या नळ्या असतील तर त्या दिवशी भरू नका, दुसऱ्या दिवशी या.

२. व्हेंट पाइपचं तोंड गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या सर्वात वरच्या पातळीपेक्षा उंच आहे ना, ते बघा. खाली असेल तर पाणी वाहतच राहणार. आणि तोंडाला बूच लावायचं नाही. टाकीचं पाणी ओसरताना याच पाइपातून हवा आत येते. ती वाट बंद असेल तर सोलरची टाकी आत चेपू शकते.

३. घरातले गरम पाण्याचे सगळे नळ थोडे थोडे उघडा. मग थंड पाण्याचा गेट व्हॉल्व हळू सोडा. घाई केली की हवा अडकते.

४. ५८ मिलिमीटर व्यासाच्या, १८०० मिलिमीटर लांबीच्या एका नळीत अडीच लिटरच्या आसपास पाणी मावतं. २० नळ्या असतील तर त्यांचंच ५० लिटर झालं. म्हणजे २०० लिटरच्या सिस्टीमला सुमारे २५० लिटर पाणी लागतं. वरच्या टाकीत तेवढं आहे का, ते आधी बघा.

५. नळातून फुसफुस थांबून सलग धार आली की खालच्या मजल्यापासून एकेक नळ बंद करत वर या. धार येत नसेल तर गरम लाइन कुठेतरी वर उचलली गेलीय का, ते शोधा. लाइनीला सोलरपासून नळापर्यंत सलग उतार हवा. मध्ये उंटासारखं कुबड आलं की तिथे एअर लॉक होतो.

६. प्रत्येक नळीच्या रबर रिंगवर हात फिरवा. तासभर थांबा, पुन्हा फिरवा. मगच झाकण काढा.

"पहिल्यांदा गारच पाणी येतं हो!"

ही तक्रार हमखास येते. ती नंतर ऐकण्यापेक्षा आधी तुम्हीच सांगा. पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण ०.३ लिटर पाणी असतं. ३० मीटर लाइन म्हणजे नऊ-दहा लिटर, म्हणजे अर्धी बादली गार पाणी. एक इंची पाइप टाकला तर तेच १५ लिटरच्या आसपास जातं. म्हणून लाइन लहान ठेवा, गरजेपेक्षा जाड पाइप टाकू नका आणि इन्सुलेशन करा. गरम लाइनला साधा पीव्हीसी पाइप वापरू नका, तो मऊ पडतो. सीपीव्हीसी किंवा कंपनीने सांगितलेलाच पाइप घ्या.

दुसऱ्या दिवशीची एक फेरी

ही फेरी आपल्या कोटेशनमध्येच धरायची. दुपारी चारला जा. तापलेल्या सिस्टीमला गळती आहे का बघा, आणि ग्राहकासमोर थर्मामीटर लावून तापमान दाखवा. मग एका कागदावर लिहा: तारीख, नळ्यांची संख्या, तापमान, "प्रेशर पंप जोडायचा नाही" किंवा "रिलीफ व्हॉल्व बसवला आहे", आणि शेवटी ग्राहकाची सही. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. सहा महिन्यांनी वाद झाला तर हा कागद कामाला येतो. आणि खरं सांगू, असा कागद देणारा माणूस ग्राहकाच्या लक्षात राहतो. शेजारचं काम त्यालाच मिळतं.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या शेवटच्या तीन कामांत फुकट फेऱ्या किती झाल्या आणि कशामुळे झाल्या, ते वहीत लिहा. एकच कारण दोनदा दिसलं, तर पुढच्या कामाची तपासणी तिथूनच सुरू करा.