बोर्डाची पाठ

बाय, तुझा मेसेज मिळाला. बोट वर ओढली, शाकारून झाली आणि आता बंदीच्या काळात केबिनमध्ये जीपीएस, फिशफाइंडर, वायरलेस सगळं एका बोर्डावर घ्यायचं ठरवलंत, हे छान झालं. १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने अशाच कामाचे. पण सुतार म्हणतो तसं दोन दिवसांत उरकून टाकू नका गं. यंत्रांवर लाखभर रुपये घालायचे आणि ती जिथे बसणार ती फळी घाईत कापायची, हे मला पटत नाही. तू हिशेबात चोख आहेस, म्हणून हे तुलाच सांगते. सासऱ्यांना तूच समजावशील.

आधी एक काम कर. बोर्डाच्या मापाचा पुठ्ठा काप, त्यावर यंत्रांच्या मापाचे कागद चिकटव आणि तो स्टिअरिंगसमोर उभा कर. मग बोट चालवणाऱ्या तांडेलमामांना तिथे उभं राहायला सांग. बोर्ड त्यांच्यासाठी आहे, तेव्हा मापही त्यांच्याच डोळ्यांचं आणि हाताचं हवं. एक हात चाकावर ठेवून दुसऱ्या हाताने वायरलेसचा माइक सहज निघतो का? मान न वळवता जीपीएस दिसतो का? हेच दिवे मालवून रात्रीही करून बघा. आणि उन्हाचंही बघ. आपल्या किनाऱ्यावर दुपारनंतर बोट परत फिरली की तोंड पूर्वेला असतं आणि मावळतीचं ऊन मागच्या दारातून थेट स्क्रीनवर पडतं. बोर्ड थोडा कलता ठेवला तर ती चमक डोळ्यांवर येत नाही. किती कलता, ते पुठ्ठा हलवूनच कळेल.

होकायंत्राला मात्र या सगळ्यापासून लांब ठेव, नाहीतर बोर्डच त्याच्यापासून लांब घे. वायरलेसच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत होकायंत्रापासून किती अंतर ठेवायचं ते छापलेलं असतं, ते पान काढून वाच. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह वायर एकमेकींना पीळ देऊन न्यायची, म्हणजे दोघींचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना खोडतं. बोट पाण्यात उतरली की धक्क्याला बांधलेली असतानाच एकेक यंत्र चालू-बंद करून होकायंत्राची तबकडी हलते का ते बघायचं. जीपीएस आहे तर होकायंत्राचं काय काम, असं हल्लीची पोरं म्हणतात. ते मनावर घेऊ नकोस. बॅटरी बसली की तेवढंच उरतं.

फळीसाठी मरीन प्लायच घे, १२ मिलिमीटरचा, आयएस ७१० असा शिक्का बघून. अॅक्रिलिक दिसायला देखणं असतं, पण हादऱ्याने स्क्रूच्या भोकापासून तडकतं. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला स्टेनलेसचे स्क्रू लावले की खाऱ्या हवेत स्क्रूभोवती पत्रा पांढरा पडून खाल्ला जातो. प्लायचं दुखणं एकच, कापलेली कड पाणी पिते. म्हणून भोकं पाडून झाली की प्रत्येक भोकाच्या आतल्या कडेला इपॉक्सीचे दोन हात द्यायचे. बाहेरून रंग सगळेच देतात, आतली कड उघडीच राहते आणि दोन पावसाळ्यांत प्लाय तिथूनच फुगायला लागतो.

यंत्राच्या खोक्यात कापायच्या मापाचा कागद येतो. तो झेरॉक्स केलेला किंवा मोबाइलवरून छापलेला असेल, तर आधी त्यावरची रेघ पट्टीने मोज. छापताना माप हमखास बदलतं. फळीवर कागदी टेप लावून त्यावर खूण करायची, चारही कोपऱ्यांत आधी गोल भोकं पाडायची आणि मग बारीक दातांच्या पात्याने जिगसॉ चालवायचा. कोपरा गोल राहिला की तिथून चीर जात नाही. आणि भोक रेघेच्या आतूनच काढायचं. कमी पडलं तर कानशीने वाढवता येतं.

आता बोर्डाच्या पाठीकडे ये. इथे मला तुझ्याशी सगळ्यात जास्त बोलायचंय. माझ्याकडे करंज्याला दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांपैकी कितीतरी यंत्रांना काही झालेलंच नसतं. मागचा जोड सैल असतो, तांबं हिरवं पडलेलं असतं. दोष वायरीच्या टोकाला लावायच्या दोन रुपयांच्या लगमध्ये असतो आणि लोक नवा जीपीएस घ्यायला निघतात. म्हणून बोर्ड स्क्रूने कायमचा ठोकून टाकू नकोस. खालच्या कडेला लांब पियानो बिजागरी लाव, वर दोन कड्या आणि बाजूला दोरी. बोर्ड पुढे ओढला की पाठ उघडी पडली पाहिजे. भर समुद्रात, हलत्या बोटीत, ओल्या बोटांनी कोणीतरी तिथे हात घालणार आहे, हे धरून चाल. वायरीला तेवढी ढील ठेव आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लाव.

वायर टिन केलेल्या तांब्याची घे, महाग पडली तरी. जाडीचा हिशेब तू स्वतः कर. वायरलेस २५ वॅटवर बोलताना साधारण ६ अॅम्पिअर ओढतो. बॅटरी ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर झाली. अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीत ०.४ व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच खर्च होतात आणि १२ व्होल्टवर ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्टच्या वर घट चालत नाही. चार स्क्वेअर एमएम घेतली तर पाव व्होल्टच्या आसपास निभावतं. मुख्य फ्यूज बॅटरीजवळ हवा, बोर्डाजवळ नव्हे. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. तो लांब बसवला तर मधल्या वायरीला कोणी वाली नाही आणि केबिनमध्ये आग लागते ती तिथेच. शिवाय सेल्फ मारला की जीपीएस बंद होऊन पुन्हा सुरू होतो, असं होत असेल तर यंत्रांना वेगळी बॅटरी द्या.

फिशफाइंडरची बोटीच्या तळातून येणारी केबल लांब वाटली म्हणून कापू नका, गुंडाळी करून ठेवा. ती वायरलेसच्या अँटेनाच्या केबलला चिकटून गेली, तर तांडेल बोलायला लागले की स्क्रीनवर ठिपकेच ठिपके. प्रत्येक केबल यंत्रात शिरण्याआधी थोडी खाली झुकवून वर घ्यायची, म्हणजे ओघळलेलं पाणी वळणाच्या तळाशी गळून जातं. आणि सिलिकॉन लावताना आंबूस वास येणारा लावू नकोस, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल मागून घे.

बाय, एक गोष्ट जिवाशी आहे. नव्या वायरलेसवर झाकणाखाली लाल बटण आहे. ते दाबून धरलं की चॅनल ७० वर संकटाचा संदेश आपोआप जातो, त्यात बोटीचा एमएमएसआय क्रमांक असतो. आपल्या देशातल्या बोटींचा ४१९ ने सुरू होतो. पण बोट कुठे आहे हे त्या बटणाला आपणहून कळत नाही. सेटच्या आतच जीपीएस नसेल, तर बाहेरच्या जीपीएसपासून वायरलेसपर्यंत दोन बारीक वायरी जोडाव्या लागतात. त्या जोडायच्या राहून गेलेले सेट मी स्वतः पाहिलेत. बोटीचा क्रमांक पोचतो आणि जागा पोचत नाही, आणि शोधायला निघालेल्यांना सगळा समुद्र चाळावा लागतो. तेव्हा बोर्ड लागल्यावर वायरलेसच्या स्क्रीनवर अक्षांश-रेखांश दिसतात का, हे तू स्वतः बघ. क्रमांक भरलेला आहे का तेही बघ. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर बोर्डावर ठळक रंगवून घे, मोबाइलची रेंज असेपर्यंत तोही उपयोगी आहे.

सरकारी ट्रान्सपाँडरचं विचारलं होतंस. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात ज्या योजनेची सुरुवात झाली, एक लाख बोटींसाठीची, तोच तो. त्याला उघडं आकाश लागतं, तेव्हा तो केबिनच्या टपावर जाईल. बोर्डावर त्याच्यासाठी फक्त फ्यूजचं एक घर राखून ठेव, आणि त्याचं 'नभमित्र' अॅप बघायला मोबाइलचा होल्डर नि चार्जिंगचा पॉइंट दे. एखाद-दोन घरं रिकामीही सोड, पुढे काहीतरी येणारच.

आषाढी झाली की मी मीटर घेऊन हर्णैला येते. तोवर पुठ्ठ्याचं काम उरकून ठेव, तांडेलमामांना समोर उभं करून बाजूने एक फोटो काढ आणि पाठव. सुताराला म्हणावं, ताई येईपर्यंत प्लायला भोक पाडायचं नाही.