जनमत चाचणी आणि अल्पसंख्य समाजाचा उमेदवार

उमेदवारी देण्यापूर्वी मतदारसंघात सर्वेक्षण करून घेण्याची प्रथा राजकीय पक्षांत आता चांगलीच रूढ झाली आहे. 'निवडून येण्याची क्षमता' हा शब्दप्रयोगही त्याबरोबरच प्रचारात आला. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या खुल्या जागेसाठी मुस्लिम, बौद्ध, मातंग अथवा भटक्या-विमुक्त समाजातील कार्यकर्त्याने उमेदवारी मागितली, म्हणजे त्याने किती वर्षे लोकसेवा केली याची विचारपूस मागे राहते. त्याला इतर समाजांची मते पडतील काय, हा प्रश्न प्रथम पुढे येतो आणि त्याचे उत्तर चाचणीच्या आकड्यांत शोधले जाते. हे आकडेच सदोष असतील, तर असा कार्यकर्ता मतदारांपर्यंत पोहोचण्याआधीच बाद होतो. त्यामुळे या आकड्यांवर विसंबावे काय, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

या प्रश्नाची शास्त्रीय चर्चा प्रथम अमेरिकेत झाली. सन १९८२ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या गव्हर्नरपदासाठी लॉस एंजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली हे कृष्णवर्णीय नेते उभे होते. त्यांचे प्रतिस्पर्धी जॉर्ज ड्यूकमेजियन हे गौरवर्णीय होते. मतदानापूर्वीच्या चाचण्यांत ब्रॅडली आघाडीवर होते. मतदान करून बाहेर पडलेल्या मतदारांना विचारून बांधलेले अंदाजही त्यांच्या विजयाचेच होते. प्रत्यक्षात ते सुमारे ९३ हजार मतांनी पराभूत झाले. गौरवर्णीय मतदारांपैकी काहींनी वर्णद्वेषाचा ठपका येऊ नये म्हणून सर्वेक्षकापुढे एक सांगितले आणि मतपत्रिकेवर दुसरेच केले, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला. पुढे या प्रकाराला ब्रॅडली यांचेच नाव मिळाले. सन १९८९ मध्ये व्हर्जिनिया राज्यात डग्लस वाइल्डर यांना चाचण्यांनी भरघोस आघाडी दाखविली होती. ते विजयी झाले खरे, परंतु सात हजारांहूनही कमी मतांनी. त्या निवडणुकीच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. प्रश्न विचारणारी व्यक्ती कृष्णवर्णीय असेल तर गौरवर्णीय मतदारांकडून वाइल्डर यांच्या बाजूची उत्तरे अधिक येत आणि ती गौरवर्णीय असेल तर कमी येत.

मात्र हा सिद्धांत सर्वांनीच मान्य केलेला नाही. कॅलिफोर्नियात टपालाने आलेली मते चाचणीकर्त्यांनी पुरेशी हिशेबात धरली नव्हती. शिवाय त्याच दिवशी पिस्तुलांवरील निर्बंधाचा प्रस्ताव मतदानास होता व त्याला विरोध करण्यासाठी ग्रामीण मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले. तेव्हा ब्रॅडली यांच्या पराभवाचे सारे खापर मतदारांच्या खोटेपणावर फोडता येत नाही. डॅनियल हॉपकिन्स या अभ्यासकाने १९८९ ते २००६ या काळातील निवडणुका तपासून असे दाखविले, की १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर ही तफावत जवळजवळ नाहीशी झाली. २००८ मध्ये बराक ओबामा सुमारे सात टक्के मतांच्या फरकाने अध्यक्षपदी निवडून आले, आणि चाचण्यांनीही जवळपास तेवढाच फरक सांगितला होता.

आपल्याकडील परिस्थिती अमेरिकेहून भिन्न आहे. तेथे बव्हंशी दूरध्वनीवरून प्रश्न विचारले जात. येथे सर्वेक्षक घराच्या सोप्यात किंवा ओसरीवर बसून विचारतो. सासरे, दीर, शेजारी ऐकत असतात आणि सून उत्तर देत असते. मतदारयादीच्या कामासाठी घरोघर फिरणाऱ्या शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. कृष्णाकाठचा मतदार बहुधा साखर कारखान्याचा सभासद, विकास सोसायटीचा कर्जदार आणि दूध संस्थेचा उत्पादक असतो. आपला ऊस वेळेवर तुटावा ही त्याची चिंता असते. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत पाण्याच्या टँकरपासून रोजगाराच्या कामापर्यंत अनेक बाबतींत गावपुढाऱ्याचे तोंड पाहावे लागते. अशा ठिकाणी अनोळखी माणसाने वही उघडून 'तुमचे मत कोणाला?' असे विचारले, तर सावध माणूस गावात ज्याचा जोर असेल त्याचेच नाव सांगणार. आडनाव ऐकताच समोरच्याचा समाज ओळखण्याची सवय आपल्या सर्वांना आहे. सर्वेक्षकाचे आडनावही त्याला अपवाद नाही.

येथेच अमेरिकेतील अनुभव उलटा होण्याचा संभव निर्माण होतो. तेथे संकोचामुळे अल्पसंख्य उमेदवाराचा पाठिंबा फुगून दिसला. येथे भीतीमुळे तो आटून दिसू शकतो. उत्तर प्रदेश विधानसभेच्या २००७ मधील निवडणुकीत बहुतेक चाचण्यांनी त्रिशंकू विधानसभेचे भाकीत केले होते. बहुजन समाज पक्षाला मात्र ४०३ पैकी २०६ जागा मिळून स्पष्ट बहुमत लाभले. दलित मतदार बोलत नाही, तो मत देतो, असे त्या वेळी अनेकांनी लिहिले. मतांच्या टक्केवारीवरून जागा काढण्याचे गणितही तेव्हा चुकले असेल, परंतु वस्तीतील माणूस परक्यापुढे मौन पाळतो हे ग्रामीण भागात काम केलेल्या कोणालाही पटेल.

हा दोष टाळण्याचा एक सोपा उपाय दिल्लीच्या 'लोकनीती' या अभ्यासगटाने आपल्या पाहण्यांत अवलंबिला. मत कोणाला, हा प्रश्न तोंडी विचारण्याऐवजी पक्षचिन्हे छापलेली नमुना मतपत्रिका मतदाराच्या हाती दिली जाते. तो तिच्यावर खूण करून घडी घालतो व सोबतच्या पेटीत टाकतो. खूण कोणत्या चिन्हावर केली हे सर्वेक्षकाला त्या वेळी दिसत नाही. पक्षांसाठी घाईघाईने होणाऱ्या सर्वेक्षणांत एवढी काळजी घेतली जाते काय, हे आकडे स्वीकारण्यापूर्वी विचारावयास हवे.

चाचणीपेक्षा भक्कम पुरावा मोजलेल्या मतांचा. तो पाहिला असता 'इतर समाज मते देणार नाही' हे विधान महाराष्ट्रात तरी सरसकट टिकत नाही. मिरज विधानसभा मतदारसंघ खुला असताना तेथून १९९९ व २००४ मध्ये काँग्रेसचे हाफिज धत्तुरे निवडून आले. केवळ मुस्लिम मतांवर ती जागा जिंकता येण्यासारखी नव्हती. शेजारच्या सोलापुरात लोकसभेची जागा खुली असताना सुशीलकुमार शिंदे १९९८ व १९९९ मध्ये विजयी झाले. पुढे ती जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली, आणि राखीव जागेवर ते २०१४ व २०१९ मध्ये पराभूत झाले. जिंकणारे उमेदवारही त्याच प्रवर्गातील असल्याने या पराभवाचे कारण जातीपलीकडेच शोधावे लागते. १९९८ मध्ये तर प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, रामदास आठवले मुंबई उत्तर-मध्यमधून आणि जोगेंद्र कवाडे चिमूरमधून असे रिपब्लिकन पक्षाचे चारही नेते खुल्या मतदारसंघांतून लोकसभेवर गेले. त्यामागे काँग्रेसशी झालेली युती होती. १९५२ मध्ये मुंबईत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभव पत्करावा लागला होता, हे लक्षात घेतले म्हणजे मोठ्या पक्षाचे पाठबळ किती निर्णायक असते याची कल्पना येते. ते पाठबळ द्यावयाचे की नाही हे आता सर्वेक्षणावर ठरते, म्हणूनच सर्वेक्षणातील चूक स्वतःलाच खरी करून दाखविते.

सन २००८ च्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून मिरज व फलटण हे मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाले आणि पूर्वी राखीव असलेला जत खुला झाला. राखीव जागेवरील सर्व उमेदवार एकाच प्रवर्गातील असल्याने तेथे मतदाराच्या पूर्वग्रहाची या अर्थाने कसोटी लागत नाही. ती लागते खुल्या जागेवर. ग्रामपंचायतीच्या संदर्भात एक गैरसमज येथे दूर करणे इष्ट ठरेल. सरपंचपद 'खुले' असणे म्हणजे ते उच्च मानल्या गेलेल्या जातींसाठी राखून ठेवलेले असणे नव्हे. कोणत्याही समाजाच्या व्यक्तीस ते लढविता येते. राज्यात सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये बंद झाली व २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. थेट निवडणुकीत साऱ्या गावाची मते लागतात. त्यामुळे पारावर बसून केलेला 'याला गाव मत देणार नाही' हा अंदाज म्हणजे एक लहानशी जनमत चाचणीच होय. तीत कोणाला विचारले गेले आणि कोण ऐकत होते, हे मात्र कोणी पाहत नाही.

ज्यांना अभ्यास करावयाचा आहे, त्यांच्यासाठी विधानसभा व लोकसभा निवडणुकांचे मतदान केंद्रनिहाय आकडे 'नमुना २०' मध्ये उपलब्ध असतात. गावठाणातील केंद्र आणि वस्तीजवळचे केंद्र यांतील मते शेजारी ठेवून पाहिली, की कोणत्या उमेदवाराला कोठपर्यंत पाठिंबा पोहोचला हे बऱ्याच अंशी कळते. अर्थात केंद्राचा आकडा हा परिसराचा असतो, व्यक्तीचा नव्हे; त्यावरून अमुक समाजाने अमुकच मत दिले असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण हीच सोय दुसऱ्या बाजूने अडचणीची आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद नियमात होती. मतदान यंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा उघड होऊ लागला. लहान वस्तीचे स्वतंत्र केंद्र असेल, तर तेथील लोकांनी कोणाकडे पाठ फिरविली हे निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत सर्वांना कळते. अनेक यंत्रांतील मते एकत्रित मोजणारे 'टोटलायझर' हे उपकरण वापरावे, अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ मध्ये केली आणि विधी आयोगाने २०१५ मधील आपल्या अहवालात तिला दुजोरा दिला. केंद्र शासनाने ती मान्य केली नाही. आपल्या वस्तीचे मत उघडे पडते हे ज्या मतदाराला ठाऊक आहे, तो ओसरीवर आलेल्या सर्वेक्षकाला मनातील नाव का सांगेल?