थंड व्हायच्या आधी बघ

अरे, पद्मिनी गाडी चालता चालता बंद पडली की आधी चावीवरचा हात काढ. माणसं घाबरतात आणि सेल्फ मारत सुटतात. थोड्या वेळात बॅटरी बसते, प्लग ओले होतात. मूळ बिघाड राहतो बाजूला आणि वर दोन नवे पदरात पडतात. टिळक पुलाच्या चढावर असशील तर हँडब्रेक ओढ, मागच्या चाकाला दगड लाव. मागे हॉर्न वाजवणारेच मग उतरून धक्का मारायला येतात, हे दादरमध्ये मी नेहमी पाहिलंय.

गाडी कडेला लागली की ती बंद कशी पडली ते आठव. दिवा मालवल्यासारखी एकदम गप्प झाली असेल तर संशय करंटवर. आचके देत, ॲक्सिलरेटर दाबूनही मागे पडत थांबली असेल तर पेट्रोलवर. काट्यावर विश्वास ठेवू नकोस, टाकीत पेट्रोल आहे का ते बघ. टाकीचं झाकण उघडताना फस्स असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. असल्या फुकटच्या दुरुस्तीसाठी लोकांनी पंप बदललेत.

आता मुख्य गोष्ट. कोणीही सांगेल, ‘‘थोडी थंड होऊ द्या, होईल चालू.’’ होते, खरंच होते, आणि तिथेच घोळ आहे. गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल आणि एसी पंपात, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या पंपात, झालेली पेट्रोलची वाफ, दोन्ही अर्ध्या तासात निवतात. मग चालू गाडीत गॅरेजवाला काय शोधणार? कार्ब्युरेटर साफ करून देईल, आणि पुढच्या आठवड्यात मे महिन्याच्या उन्हात तू प्लाझा थिएटरसमोर पुन्हा उभा. म्हणून बंद आहे तोवरच तपासून घे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेलं हे 1089 सीसीचं इंजिन, यात कॉम्प्युटर नाही. जे आहे ते डोळ्यांना दिसतं.

आधी करंट बघ, पेट्रोल नंतर. पेट्रोलची नळी सोडल्यावर ठिणगी काढायची नसते, म्हणून हा क्रम. बाह्या सावर, फॅनपासून लांब राहा. कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढ, कोरड्या कापडात गुंडाळून पक्कडीने धर, टोक इंजिनच्या लोखंडापासून 5-6 मिलिमीटर लांब ठेव आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांग. निळी, कडकडणारी ठिणगी आली तर कॉइल ठीक. पिवळी, मरतुकडी आली तर टोपी काढून पॉइंट बघ. ते जळून काळे पडले असतील तर बहुतेक वेळा गुन्हेगार कंडेन्सर. पॉलिश पेपरने पॉइंट घासले की घरापर्यंत पोचशील. पॉइंटमधली फट सुमारे 0.45 मिलिमीटर हवी. पॉइंट चांगले असून ठिणगीच नसेल तर कॉइलवर ओलं फडकं टाक. निवल्यावर ठिणगी परत आली की कॉइल बाद, तिला दुसरी संधी देऊ नकोस.

कॉइलला ठिणगी आहे पण प्लगला नाही, असं पावसाळ्यात फार होतं. हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढलीस की टोपीत ओल धरते. आतून कोरडी पूस, मधला कार्बन शाबूत आहे का बघ, आणि केसासारखी काळी रेघ दिसली तर टोपीला तडा गेलाय.

करंट ठीक असेल तरच पेट्रोलकडे वळ. कॉइलची बारीक वायर काढून ठेव, कार्ब्युरेटरकडची नळी सोडून बाटलीत धर आणि सेल्फ मार. गरम इंजिनावर थेंबही सांडता कामा नये. पिचकारी जोरात आली तर पंप चांगला. काहीच नाही आलं तर पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेव. जुने टॅक्सीवाले उन्हाळ्यात हेच करायचे. फडक्याने पेट्रोल आलं तर वाफ होती. नाही आलं तर पंपाचा डायफ्रॅम किंवा तुंबलेला फिल्टर. पेट्रोलचा वास सुटला असेल तर मात्र उलटं प्रकरण आहे, पेट्रोल जास्त झालंय: ॲक्सिलरेटर तळाला दाबून धर, पुन्हा पुन्हा दाबू नकोस, आणि सेल्फ मार.

पूर्वी एवढं शिकायची गरज नव्हती. दादर टीटीला कुठलाही काळी-पिवळीवाला डिकीतून पॉइंट काढून द्यायचा. 30 ऑक्टोबर 2023पासून टॅक्सी म्हणून पद्मिनी रस्त्यावरून गेली, आणि तिच्याबरोबर ती फुटपाथवरची मदतही गेली. तेव्हा पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅनबेल्ट आणि जुनी पण चांगली कॉइल डिकीत असू दे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. तुझ्या गाडीच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम या पावसाळ्याआधी बदलून घे.