शिळ्या नोंदींचा शोध

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. अशा कारखान्यात कोक झोतभट्टीला, तेथील लोखंड पोलादभट्टीला व पोलाद रूळ लाटणाऱ्या गिरणीला लागते. रुळाची मापे बदलली, परंतु गिरणीत जुनेच मापपत्रक राहिले, तर यंत्रे निर्दोष असूनही माल चुकीचा निघेल.

संगणकाचा मोठा प्रोग्रॅमही असाच अनेक प्रकल्पांच्या जोडणीतून सिद्ध होतो. कंपायलर कसा चालवावा, चाचणीची प्रत बांधावी की वितरणाची, हे सांगणाऱ्या नोंदी प्रत्येक प्रकल्पापाशी असतात. या सर्वांचा मेळ घालणारी एक मुख्य यादीही असते.

१९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे बांधणीचे साधन रचले. त्यांच्या एका सहकाऱ्याने दुरुस्त झालेल्या प्रोग्रॅममध्येच सकाळभर दोष शोधला होता. दुरुस्त भाग पुन्हा कंपाइल झालाच नव्हता. ‘मेक’ फाइलींच्या वेळांची तुलना करते आणि मूळ फाइल तयार भागाहून नवी असेल तरच तो भाग पुन्हा बांधते. तथापि केवळ नोंद बदलली व मूळ फाइल तशीच राहिली, तर या तुलनेस काहीच दिसत नाही. जुना भाग नव्या भागांत निमूटपणे मिसळतो.

असा संशय आल्यास पुढील क्रम पाळावा.

१. बांधणीचा अहवाल प्रथम जपून ठेवावा. साफसफाईत पुरावा नष्ट होतो.

२. तयार झालेले सर्व भाग काढून संपूर्ण बांधणी पुन्हा करावी. दोष नाहीसा झाला, तर तो बहुधा शिळ्या भागांत होता. राहिला, तर नोंदी किंवा मूळ फाइली तपासाव्यात.

३. पडद्यावरील नोंदींवर विसंबू नये. कंपायलरला प्रत्यक्ष दिलेली आज्ञा अहवालात वाचावी.

४. मुख्य यादी प्रत्येक प्रकल्पाशी ताडून पाहावी. रद्द झालेल्या रचनेचे नाव तेथे राहिलेले असते, किंवा एखादा प्रकल्प बांधणीतून वगळलेला आढळतो.

संपूर्ण बांधणीने लक्षण जाते, कारण जात नाही. मोठ्या कामात तिला तासन्‌तास लागतात. म्हणून समाईक नोंदी एकाच फाइलीत ठेवाव्यात आणि तीच फाइल प्रत्येक भागाचा कच्चा माल म्हणून नोंदवावी. मग ती बदलताच तिच्यावर अवलंबून असलेले सर्व भाग आपोआप नव्याने बांधले जातात.