जोडसुट्टी, बीज आणि घरची माणसे



इ. स. २०२५ सालच्या शिमग्यापूर्वीची गोष्ट. कीर्तन आटोपून आम्ही ओसरीवर बसलो होतो. मुंबईकडचे एक गृहस्थ पाया पडले आणि म्हणाले, "महाराज, १४ मार्चला शुक्रवारी धूळवड, मध्ये शनिवार, आणि रविवारी १६ तारखेला तुकाराम बीज. तीन दिवस मोकळे आहेत. वडील गेल्यावरची ही पहिली बीज. ते देहूची बीज कधी चुकवीत नसत. आई म्हणते देहूस चला. पोरं म्हणतात लोणावळा. मंडळी म्हणतात, वर्षातून एकदा बाहेर निघायचं, तेही रांगेत उभं राहायला का? कुणाचं ऐकू?"

'आईचे ऐका' हे उत्तर आमच्या ओठांवर आलेच होते. तेवढ्यात मागे उभी असलेली ती म्हातारी माउली म्हणाली, "पोरांना ओढून नेऊ नका, महाराज. आजोबांची आठवण त्यांना शिक्षा वाटायची."

हे वाक्य आमच्या मनात रुतले. म्हणून या प्रश्नाचा विचार येथे नीट मांडतो. प्रश्न एका घरचा नाही; जोडसुट्टी आली की घरोघरचा आहे.

प्रथम पूर्वपक्ष पाहू. पूर्वपक्ष म्हणतो, सहल ही मौजेची आणि स्मरण हे गांभीर्याचे. दोन्ही एकत्र आली की एकाचा तरी नाश होतो. यात खोटे काही नाही. 'जाता जाता दर्शन घेऊ' म्हणून निघालेली मंडळी कळसाला मोटारीतूनच हात जोडून पुढे जातात, हे आपण पाहतोच. उलट सक्तीने नेलेली मुले मोठेपणी त्या वाटेला फिरकत नाहीत, हेही पाहतो.

आता सिद्धान्त. 'यात्रा' हा शब्द 'या' म्हणजे जाणे या धातूचा, आणि 'स्मरण' हा 'स्मृ' म्हणजे आठवणे याचा. धातू दोन खरे, पण आपल्या संप्रदायाने त्यांचा संसार एकत्र मांडला. दाखला तुकोबांच्या घरचाच घ्या. शके १५७१ च्या, म्हणजे इ. स. १६५० च्या, फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराजांचे वैकुंठगमन झाले, तेव्हा नारायण महाराज मातेच्या उदरात होते, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्या बापाला डोळ्यांनी पाहिले नाही, त्याची आठवण या मुलाने करायची होती. त्यांनी काय केले? इ. स. १६८५ मध्ये पालखीत तुकोबांच्या पादुका ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. वडिलांची आठवण त्यांनी चालती केली. आज लाखो लोक मुलाबाळांसह त्या वाटेने जातात, हसतात, फुगड्या खेळतात. त्याने स्मरण उणे झाले काय?

तेव्हा नियम एवढाच. स्मरणाला वेळ आणि जागा पक्की ठरवून द्यावी, ती कोणी मोडू नये. उरलेला वेळ माणसांना मोकळा द्यावा, त्यावर स्मरणाने हक्क सांगू नये.

या नियमाने त्या घरासाठी तीन दिवस असे मांडून दिले. शुक्रवारी सकाळी मुलांनी दारात मनसोक्त रंग खेळावा. दुपारून निघून रात्री लोणावळ्यास मुक्काम. शनिवारी दुपारपर्यंतचा वेळ मुलांचा. तेथे कोणी उपदेश करू नये. उन्हे कलल्यावर भंडारा डोंगर. तळेगाव–चाकण रस्त्यावर इंदुरीजवळ हा डोंगर आहे. गाडीरस्ता असल्याने म्हाताऱ्या माणसालाही जाता येते. तुकोबा येथे चिंतनास बसत आणि जिजाई माउली भाकरी घेऊन डोंगर चढत, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. नवऱ्याचे भजन आणि घरची भूक, दोन्ही त्या बाईने आपल्या पायांवर तोलले. ही कथा वर बसून, शिदोरी सोडून सांगावी. रात्री चिंचवडला नातलगांकडे टेकावे.

रविवारचा दिवस बीजेचा. पहाटे निघावे. गर्दीमुळे वाहने गावाबाहेर थांबवितात, तेव्हा म्हाताऱ्यांच्या चालीने वेळ धरावा. पाणी, टोपी, औषध जवळ असावे. मुलांच्या खिशात नाव आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. इंद्रायणीत मुलांना एकटे उतरू देऊ नये. गोपाळपुऱ्यात नांदुरकीच्या वृक्षापाशी वैकुंठगमनाचे कीर्तन होते आणि दुपारी बाराला पुष्पवृष्टी. ही घटका स्मरणाची. त्या वेळी मोबाईल पिशवीत आणि फुले हातात असावीत. देहूत पाहण्याजोगे पुष्कळ आहे, पण एका दिवसात सगळे उरकू नये. गाथा मंदिर पुढल्या खेपेला. गर्दी ओसरल्यावर सावकाश परतावे.

ज्यांच्या घरी दहावीचे मूल आहे, त्यांनी या दिवसांत निघूच नये. घरी बारा वाजता तसबिरीवर फुले वाहिली तरी ती बीजच.

आता आमच्या घरचे सांगतो, म्हणजे आम्ही हे का लिहितो ते कळेल. बीजेला कीर्तनकारास बोलावणी फार. आम्ही पुष्कळ वर्षे त्या दिवशी परगावी उभे राहिलो. आई दर शिमग्याला विचारी, "यंदा देहूस नेतोस का रे?" आम्ही म्हणू, "पुढल्या साली, आई. तारीख दिली आहे." एका साली विचारणारीच राहिली नाही. लोकांच्या आया आमच्या कीर्तनाने देहूस पोचल्या, आमची पोचली नाही. तिच्या आठवणीसाठी आता सवड आहे. तिच्यासाठी तेव्हा हवी होती.

म्हणून सांगतो, गेलेल्यांच्या स्मरणाचा बेत आखताना बरोबर चालणाऱ्यांकडे आधी पाहा.

पुढे चैत्रात ते गृहस्थ भेटले. आजोबांचे टाळ बरोबर नेले होते, म्हणाले. भंडाऱ्यावर आजीने नातवंडांना सांगितले की आजोबा दर बीजेला चप्पल हरवून अनवाणी घरी यायचे आणि 'देवाने ठेवून घेतली' म्हणायचे. पोरं पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी बाराला धाकट्याने ते टाळ वाजविले. ताल चुकला, आजीने सुधारला नाही. परतताना तो विचारीत होता, "आजोबांची चप्पल नक्की कुठं हरवायची?"

अहो, स्मरण म्हणजे याहून निराळे काय असते?

पंचांग उघडा. बीज धूळवडीच्या मागोमागच येते. आधी तिथीवर खूण करा, मग घरातल्या प्रत्येकाला विचारा, आणि आईला 'पुढल्या साली' म्हणू नका.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.